सूत कुणाचं?

(भिवंडीत तरुण लेखक-लेखिकांसाठी झालेल्या एक दिवसाच्या शिबिरातलं हे भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)



आधी एक कबुली देते. आयोजकांनी फोन करून विषय सांगितला, ‘मुक्त लेखन : कौशल्य आणि करिअर’, तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि अम्मी शेजारी भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, “करिअरचं त्यांना सांगशील, पण गेल्या महिन्याचे पैसे आले का ते आधी सांग.” आले नव्हते. चौदा वर्षं मी हे काम करतेय, तरी आमच्या घरात हा प्रश्न अजून मिटलेला नाही. म्हणून आज तुम्हाला स्वप्नं दाखवणार नाही. या कामात काय टिकतं, काय टिकत नाही आणि माझ्या हातून काय चुकलं, एवढंच सांगते.

खिडकीतून लूमचा आवाज येतोय. बाहेरगावच्या पाहुण्यांना त्याचा त्रास होतो, आपल्याला तो थांबला की जाग येते. माझे अब्बा अशाच एका कारखान्यात मेहता होते, हिशेब लिहायचे. शाळा सुटली की मी त्यांच्या टेबलाशेजारी बसून अभ्यास करायचे. ‘जॉब’ हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तो रोज ऐकू येत असेल. व्यापारी सूत पाठवतो, कारखानदार आपल्या लूमवर ते विणून देतो. कापड व्यापाऱ्याचं, बाजारातला भावही त्याचाच. कारखानदाराला मिळते ती मजुरी, पिकावर मोजलेली, पैशांत. मंदी आली की व्यापारी सूत पाठवायचं थांबवतो. मग लूम स्वतःचे असूनही कारखानदार हातावर हात ठेवून बसतो. अब्बा म्हणायचे, “लूम कुणाचा ते काय विचारतेस? सूत कुणाचं ते विचार.”

हे वाक्य मला कळायला बरीच वर्षं गेली.

बी.ए. झाल्यावर मला लिहिण्याचं पहिलं काम मिळालं ते एका एजन्सीकडून. पंधरा पैसे शब्द. हजार शब्दांचा लेख लिहिला की दीडशे रुपये. विषय त्यांचा, मथळा त्यांचा, लेखात कोणते शब्द किती वेळा यायला हवेत तेही त्यांनीच ठरवलेलं. केसगळतीवर घरगुती उपाय. लग्नाचा हॉल कसा निवडावा. मधुमेहींनी काय खावं. मी डॉक्टर नव्हते आणि तोवर एकही हॉल बुक केलेला नव्हता. इंटरनेटवरचे चार लेख वाचायचे आणि पाचवा लिहायचा. हात चालत होता, म्हणून भाव हळूहळू वाढत चाळीस पैशांपर्यंत गेला. घरी पैसे येत होते. मी स्वतःला लेखिका म्हणवून घेत होते आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मग ए.आय. आलं. एका सकाळी एजन्सीचा मेल आला की पुढच्या महिन्यापासून मराठी लेखांची गरज नाही, मशीनने लिहिलेलं तपासून द्यायचं असेल तर आठ पैसे शब्द मिळतील. मी कपाट उघडून बसले. इतक्या वर्षांत हजारो पानं लिहिली, पण एकावरही माझं नाव नव्हतं. कुणाला दाखवावा असा एक कागद माझ्याकडे नव्हता. त्या दिवशी अब्बांचं वाक्य आठवलं. लूम माझा होता, सूत माझं नव्हतं.

अशा कामाला मी नावं ठेवत नाहीये. ज्याच्या घरी आज चूल पेटायची आहे त्याने ते जरूर करावं. वेळेवर काम देणं, मोजून लिहिणं, दुसऱ्याला हवं ते समजून घेणं मी तिथेच शिकले. पण केवळ त्यावर आयुष्य उभं करायला जाल तर सूत थांबेल त्या दिवशी तुम्हीही थांबाल.

मग लेखकाचं स्वतःचं सूत म्हणजे काय? जे तुम्ही स्वतः जाऊन पाहिलंय, विचारलंय, मोजलंय आणि जे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला सहज मिळणार नाही, ते.

त्या मेलनंतर चार महिने माझ्याकडे फारसं काम नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक भंगारवाला आहे. त्याच्या दारात रोज टेम्पो यायचा आणि सुटे केलेले लूम उतरायचे. वर्षानुवर्षं कापड विणलेलं लोखंड किलोवर विकलं जात होतं. मी रोज त्या रस्त्याने जायचे. मोठ्या वर्तमानपत्रांत भिवंडीतल्या मंदीबद्दल येऊन गेलं होतं, पण त्या काट्यावर काय होतं ते कुणी लिहिलं नव्हतं. मी भंगारवाल्या चाचांना विचारलं, इथे बसू का? ते म्हणाले, बस, पण चहा तुझा. तीन आठवडे मी तिथे बसले. कोण लूम घेऊन येतो, किती वर्षं चालवला होता, विकताना काय बोलतो, रिकाम्या जागेत आता काय होणार, सगळं वहीत लिहिलं. एक कारखानदार लूम वजनाला लावून पाठ फिरवून उभे राहिले. काट्यावरचा आकडा त्यांनी पाहिलाच नाही, मुलाला पाहायला सांगितला.

तो लेख माझ्या नावाने छापून आला. मानधन एजन्सीच्या दोन दिवसांच्या कामाइतकंच होतं. पण त्या एका लेखामुळे मला पुढची तीन कामं मिळाली. त्यातलं एक होतं कामगारांच्या मुलाखती उर्दू-हिंदीतून मराठीत आणण्याचं, आणि ते वर्षभर चाललं. केसगळतीच्या लेखामुळे कुणी मला कधी फोन केला नव्हता.

या वाटेने आपल्याआधी चालून गेलेली माणसं आहेत. अनिल अवचट शिकून डॉक्टर झाले, पण लिहिलं ते हमालांवर, भटक्यांवर, देवदासींवर. त्यांचं पहिलं पुस्तक ‘पूर्णिया’ 1969 चं. बिहारमधल्या त्या जिल्ह्यात जाऊन, पाहून लिहिलेलं. पी. साईनाथ 1993 मध्ये देशातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांत फिरायला निघाले, त्या वार्तांकनाचं पुस्तक 1996 मध्ये आलं. पुढे 2014 मध्ये त्यांनी सुरू केलेलं ‘पारी’ हे संकेतस्थळ मराठी आणि उर्दूतही वाचता येतं, आणि तिथे स्वतंत्रपणे लिहिणाऱ्यांचं काम छापलं जातं. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. त्यांच्या विचारांवर लोक आजही भांडतात, तो आजचा विषय नाही. मी त्यांचं नाव घेतेय ते कथा-कादंबरीकार म्हणून. ‘इंधन’ ही त्यांची कादंबरी 1965 ची. कोकणातलं गाव, तिथले मुसलमान आणि हिंदू, जमीन, जुनी नाती, जुने राग. जे गाव आतून माहीत होतं तेच त्यांनी लिहिलं. या तिघांचा पिंड अगदी वेगळा. पण सूत तिघांचंही स्वतःचं होतं.

आता हे सूत कातायचं कसं, ते सांगते.

एक वही करा. पानावर चार रकाने आखा : काय कळलं, कुणी सांगितलं, त्याला ते कसं माहीत, आणि त्याला कागद आहे का. माझी ही वही एका चुकीतून सुरू झाली. एका माणसाने मला बंद लूमचा एक मोठा आकडा सांगितला. तो छातीठोकपणे बोलला, मी तसाच छापायला दिला. दुसऱ्या दिवशी संपादकांना फोन आला की हा आकडा आला कुठून? माझ्याकडे उत्तर नव्हतं. खुलासा छापावा लागला आणि त्या वर्तमानपत्राने मला वर्षभर काम दिलं नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

कागद मिळवायला शिका. माहितीचा अधिकार कायदा 2005 चा आहे, अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तर साधारण 30 दिवसांत मिळायला हवं. महाराष्ट्रातल्या नियमाप्रमाणे अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. अनेकांना ही अट जाचक वाटते. मला तर लेखनाचा तो फार चांगला वर्ग वाटतो. नेमकं काय हवंय, कोणत्या काळातलं, कोणत्या कार्यालयाकडचं, हे 150 शब्दांत मांडता आलं तर तुम्हाला प्रश्न विचारता येतो. आणि प्रश्न नीट विचारता आला की लेखाचं निम्मं काम होतं. आपल्या महापालिकेला आपल्या वॉर्डातल्या एखाद्या गोष्टीबद्दल असा एक अर्ज करून पाहा.

लिहून झालं की मोठ्याने वाचा. घरात कुणाला तरी ऐकवा. माझा भाऊ लेख ऐकता ऐकता मोबाइल बघायला लागला की मी तिथे खूण करते. तो परिच्छेद हमखास कापावा लागतो.

मुलींसाठी वेगळं सांगते. रात्रपाळीच्या कारखान्यांवर लिहायचं होतं तेव्हा मी एकटी गेले नाही. खालाला सोबत नेलं. वाटलं होतं, ती कंटाळेल. झालं उलटंच. कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायका माझ्याशी हातचं राखून बोलत होत्या. खाला त्यांच्यासोबत पोळ्या लाटायला बसली आणि गॅस सिलिंडरच्या भावापासून उधारीच्या वहीपर्यंत सगळं बाहेर आलं. सोबत कुणाला न्यावं लागतं याची लाज वाटून घेऊ नका. कामाला लागेल ती मदत घ्या.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला आवडत नाही, पण तुमच्या वयात मला ती कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं.

एका कामगाराने मला पगारातल्या कपातीबद्दल सांगितलं होतं. नाव छापू नको म्हणाला, मी छापलं नाही. पण लेख जिवंत व्हावा म्हणून मी त्याचं वर्णन केलं. डाव्या हाताचं अर्धं बोट तुटलेलं, मूळचा कुठल्या जिल्ह्यातला, किती वर्षांपासून इथे. लेखाचं कौतुक झालं. आठवडाभराने मी त्याला भेटायला गेले तर तो तिथे नव्हता. त्या गल्लीत तुटलेल्या बोटाचा, त्या जिल्ह्याचा, इतक्या वर्षांचा माणूस एकच होता. शेठला नावाची गरजच पडली नाही. त्याला काढलं की तो स्वतःच निघून गेला हे मला आजवर नीट कळलेलं नाही. त्याच्या जोडीदाराने मला एवढंच सांगितलं, “तुमचा लेख छान होता, बाजी.”

मोठ्या शहरातून आलेला पत्रकार लिहून परत जातो. आपण इथेच राहतो. ज्याच्याबद्दल लिहिलं तो उद्या किराणाच्या दुकानात भेटतो. म्हणून तेव्हापासून माझा एक नियम आहे. नाव न छापायचा शब्द दिला असेल तर लेख देण्याआधी स्वतःला विचारायचं, याच्या गल्लीतला माणूस याला ओळखेल का? उत्तर ‘हो’ असेल तर ते वर्णन कितीही सुंदर असलं तरी काढून टाकायचं. लोक आपल्याशी बोलतात ते विश्वासाने. तो एकदा गेला की आपल्याकडे फक्त शब्द उरतात, आणि ते आता मशीनकडेही आहेत.

भाषेबद्दल. “तुम्ही मुस्लिम असून तुमचं मराठी किती छान आहे!” हे वाक्य इथे किती जणांनी ऐकलंय? बघा, जवळपास सगळे हात वर आहेत. मी तालुक्यातल्या कोकणी मुसलमान घरातली. आमच्या घरात जी बोली बोलतात ती मराठीच्या इतकी जवळची आहे की हे कौतुक ऐकून माझ्या आजीला हसू आलं असतं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला त्याला काही शतकं झाली. बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गायले. 1990 मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते, आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. आणखी गंमत सांगते. मजकूर, मसुदा, कागद, कलम, शाई, जाहिरात, तारीख. लिहिण्याच्या धंद्यातले हे साधे मराठी शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश इंटरनेटवर मोफत पाहता येतो, त्यात बघा. एकोणिसाव्या शतकातला कोश आहे, पण असे कितीतरी शब्द त्यात भेटतील.

तेव्हा कौतुकाला ‘शुक्रिया’ म्हणा आणि कामाला लागा. आपल्याकडे मराठी, उर्दू, हिंदी आणि थोडीफार इंग्रजी अशा चार भाषा घरबसल्या आहेत. भिवंडीत महापालिकेची नोटीस मराठीत येते आणि ती ज्याच्या दाराला चिकटवलेली असते त्याला अनेकदा उर्दूच वाचता येतं. या दोघांच्या मध्ये कुणीतरी लागतं. संस्थांचे अहवाल, मुलाखती, माहितीपटांच्या ओळी, आरोग्याची पत्रकं, पाठ्यपुस्तकांना पूरक साहित्य, असं अनुवादाचं काम खूप आहे. माझं घर आज मुख्यतः अनुवादावर चालतं आणि माझं स्वतःचं लेखन त्याच्या आधाराने चालतं.

एक सापळाही सांगते. तुमचं नाव पाहून संपादक तुम्हाला दोन वेळा आठवतील. एकदा ईदला, शीरखुर्म्यावर लिहायला. आणि एकदा शहरात काही वाईट घडलं की, समाजाची प्रतिक्रिया द्यायला. 2020 च्या सप्टेंबरमध्ये पटेल कंपाऊंडमधली जिलानी इमारत कोसळली तेव्हा सगळ्यांना भिवंडीतला माणूस हवा होता. नंतर कुणी विचारलं नाही. शीरखुर्म्यावर जरूर लिहा, चांगला लिहा. पण तो लेख पाठवताना त्याच मेलमध्ये दुसरा विषय सुचवा : धोकादायक इमारतीची नोटीस लागल्यावर भाडेकरू जातात कुठे, गोदामांत काम करणाऱ्या मुलींचा दिवस कसा जातो. पहिल्या वेळी होकार येणार नाही. मला पाचव्या वेळी आला.

विषय कसा सुचवायचा? पाच-सहा वाक्यं पुरतात. काय घडतंय, ते आत्ताच का सांगायला हवं, मी कुणाला भेटले आहे आणि कुणाला भेटणार आहे, किती शब्द, कधी देईन. शेवटी आधी छापून आलेला एखादा लेख जोडायचा. “मला लिहिण्याची लहानपणापासून आवड आहे” हे वाक्य काढून टाका. संपादकाला तुमची आवड नको असते, त्याला मंगळवारी पान भरायचं असतं. आठवड्याने एकदा आठवण करा, त्यानंतर तोच विषय दुसरीकडे पाठवा. दिवाळी अंकांसाठी मे-जूनमध्येच विचारा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून चालत आलेली ही परंपरा नव्या लेखकाला अजूनही दार उघडते, पण दिवाळीत नव्हे, उन्हाळ्यात. पहिल्या पुस्तकाची तयारी असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, तिची माहिती काढा.

आता अम्मीच्या प्रश्नाकडे येते.

मघाशी मी मोठी नावं आदराने घेतली. पण त्यातल्या दोन घरांतली एक गोष्ट सांगायलाच हवी. हमीद दलवाई लिहीत आणि फिरत होते तेव्हा मेहरुन्निसाभाभी नोकरी करून घर चालवत होत्या. त्यांचं ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन मिळवून वाचा. अनिल अवचटांच्या घराचा मोठा भारही डॉ. सुनंदा अवचट यांच्या नोकरीवर होता आणि ते स्वतः हे मोकळेपणाने सांगत. मुक्त लेखनामागे बहुतेक वेळा कुणाचा तरी पगार उभा असतो. मुलग्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि मुलींनी विचार करावा की आपल्या लेखनामागे कुणाचा पगार आहे? माझ्यामागे सुरुवातीला अब्बांचा होता, नंतर माझ्याच शिकवण्यांचा. सातवी-आठवीच्या मुलांच्या शिकवण्या मी सहा वर्षं घेतल्या. नोकरी असेल तर घाईने सोडू नका. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला आणि दोन ठिकाणांहून नियमित काम यायला लागलं की मग विचार करा.

पैशाचं बोलायला लाजू नका. काम घेतानाच मेलवर लिहून घ्या : किती शब्द, किती मानधन, किती दिवसांत पैसे, किती वेळा बदल करून द्यायचे. मोठं काम असेल तर काही रक्कम आधी मागा. बिल स्वतः पाठवा. त्यावर नाव, पॅन, तारीख, कामाचा तपशील, रक्कम, बँक खातं. व्यावसायिक मानधन ठराविक मर्यादेपुढे गेलं की साधारण दहा टक्के टीडीएस कापला जातो. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो. मी पहिली काही वर्षं रिटर्न भरलं नाही आणि तेवढे पैसे सोडून दिले. एका मेहत्याच्या मुलीने!

‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे आणि ऑनलाइन होते. सेवा देणाऱ्यालाही ती करता येते. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याजासकट द्यावे लागतात आणि तक्रारीचीही सोय आहे. आपल्यापैकी काहींना व्याज नको असेल. नका घेऊ. पण मुद्दल मागायला कसला संकोच? घाम सुकायच्या आत मजुरी द्यावी ही शिकवण आपल्या घराघरात आहे. ती देणाऱ्यासाठी आहे, आणि आपल्याला ती मागायचं बळही देते.

आणि हक्क. हे ऐकून घ्या, कारण सूत कुणाचं याचं कायद्यातलं उत्तर इथे आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही नोकर म्हणून लिहीत नसाल तर सर्वसाधारणपणे लेखाचे पहिले मालक तुम्ही असता. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि तुमच्या सहीने द्यावा लागतो. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरता धरतात. अनुवादाचा हक्कही त्यातच येतो. म्हणून करारात “सर्व हक्क, कायमचे, सर्व माध्यमांत” असं दिसलं की थांबा. “एकदा प्रसिद्ध करण्याचा हक्क देते, बाकी माझ्याकडे राहतील” असं लिहून पाठवा. माझ्या अनुभवात दहापैकी चार-पाच जण मान्य करतात. बाकीच्यांचं काम घ्यायचं की नाही ते तुमची गरज ठरवेल, पण घ्याल तेव्हा डोळे उघडे ठेवून घ्या. भंगाराच्या काट्यावरचा माझा तो लेख पुढे एका संग्रहात आला, उर्दूत गेला, आणि दोन्ही वेळा मला मानधन मिळालं. एजन्सीसाठी लिहिलेल्या हजारो पानांतलं एकही पान मला पुन्हा वापरता येत नाही.

थांबते आता. जेवणाची वेळ झालीय आणि बिर्याणीचा वास मलाही येतोय.

जाताना एक काम देते. येत्या आठवड्यात तुमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत असलेली एक जागा निवडा. सायझिंगचा कारखाना, गोदामाचं फाटक, शिलाईचा क्लास, दवाखान्याची रांग, कुठलीही. तिथे तीन वेळा जा : सकाळी, दुपारी, रात्री. मोजता येईल ते मोजा, विचारता येईल ते विचारा, चार रकान्यांत लिहा. मग पाचशे शब्द लिहा आणि घरातल्या एका माणसाला वाचून दाखवा. आयोजकांनी तुमचे लेख गोळा करायचं कबूल केलंय. मी प्रत्येक लेख वाचेन आणि खुणा करून परत पाठवेन. आणि वाचून झाल्यावर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारेन, तो तुम्हाला आता माहीत आहे.

राहिलं अम्मीचं. काल रात्री त्या बिलाची मी तिसऱ्यांदा आठवण केली. आज सकाळी बसमध्ये असताना मेसेज आला, पैसे जमा झाले. टीडीएस कापून. या वर्षी रिटर्न भरणार आहे.